अभिमन शुद्ध बोलतो

"आमना अभिमन शुद्ध बोलस," खुर्चीत बसायच्या आधीच सुंदरबाई म्हणाल्या. "येडा ऱ्हाता तं शुद्ध बोलता का? तुम्हीच सांगा, बाई."

मी काही सांगायच्या आत तो शुद्ध बोलणारा माझ्या टेबलाखाली शिरला आणि तिथून आवाज आला. खणखणीत, किंचित नाकातला, अक्षर न् अक्षर इस्त्री केलेलं.

"कृपया लक्ष द्या. नरडाणा, सोनगीर मार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे."

"देखा," सुंदरबाई म्हणाल्या आणि आता निकाल लागला अशा थाटात खुर्चीत बसल्या.

ते त्र्याण्णव साल असेल. धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली होती. आधी तिथं सलाइनची रिकामी खोकी ठेवत. दर शुक्रवारी जळगावहून येऊन मी तिथं बसायचे. दारावर पाटी नव्हती, कारण माझ्या कामाला काय म्हणायचं ते दवाखान्याला ठरवता आलं नव्हतं. शिपाई बाहेरच्या लोकांना सांगायचा, "डोक्याच्या बाई आतमध्ये आहेत." पारोळ्याच्या रस्त्यावर एस.टी.नं हाडं खिळखिळी केली, की पोचेपर्यंत माझं डोकं असं काही शिल्लक राहत नसे, पण नाव पडलं ते पडलं.

त्या दिवशी चौघं आली होती. सुंदरबाई, म्हणजे आजी. त्यांचा थोरला मुलगा रतिलाल, बाजार समितीत कारकून, शर्टाच्या खिशाला पेन. धाकटी सून कुंदाबाई, अभिमनची आई, जी दाराशीच उभी राहिली होती. आणि नऊ वर्षांचा अभिमन, टेबलाखाली. वडील मोतीलाल एस.टी.त कंडक्टर, ते ड्यूटीवर होते.

घराची हकीकत अशी. शिंदखेड्याला बसस्टँडच्या अगदी पाठीशी यांचं घर. स्टँडचा भोंगा यांच्या पडवीकडे तोंड करून. पोरगा पाळण्यात असल्यापासून दिवसभर कानावर तेच. तीन वर्षांचा होईतो एक शब्द बोलला नाही, आणि बोलला तो एकदम "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी" असा बोलला. घरात आजी-काका-बाप सगळे अहिराणी बोलणारे. आई मुक्ताईनगरकडची, केळीच्या मळ्यातली; तिची बोली वेगळी, त्यावरून सासरी तिची थट्टा. आणि या सगळ्यात हे पोर पुण्या-मुंबईच्या माणसासारखं बोलतंय म्हटल्यावर घराला आनंदच झाला.

"त्याना आजा म्हने, हाऊ कलेक्टर व्हई," सुंदरबाई म्हणाल्या. "बठ्ठा गल्लीले सांगत फिरे."

आजोबा तेवढ्या आनंदातच गेले. पुढं पोराला शाळेत घातलं. गुरुजींनी नाव विचारलं. पोर म्हणालं, "चौकशी खिडकीवर संपर्क साधावा." पहिले काही दिवस गुरुजी हसले. मग छडी झाली. मग पोर घरी आलं ते आलंच.

"एका डॉक्टरांना दाखवलं," रतिलाल म्हणाले. त्यांचं बोलणं कचेरीतलं, स्वच्छ. "ते म्हणाले मतिमंद. दुसऱ्यांनी मोठं इंग्रजी नाव सांगितलं आणि पुढं म्हणाले की यावर औषध नाही. मग मीच एक संस्था शोधली. नाशिकच्या पलीकडे आहे. राहणं, जेवण, सगळं तिथंच. कानबाईचा सण झाला की सोमवारी नेऊन सोडणार. आई म्हणाली, एकदा धुळ्याच्या बाईंना दाखवू, म्हणून आलो."

"तुमी फकस्त येवढं सांगा," सुंदरबाई पुढं वाकल्या, "हाऊ आमनासारखा कधय बोलई?"

"आजी, तसं मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "तो जे बोलतो त्याचा अर्थ काय असतो, ते आधी शोधू या."

"अर्थ?" रतिलाल हसले. "गाडी फलाटावर उभी आहे. दुसरा काय अर्थ असणार?"

दाराशी उभ्या कुंदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्या हसल्या की काय ते मला कळलं नाही. एवढं मात्र खरं, की तेवढ्यात त्यांनी टेबलाखाली हात घालून पोराला बाहेर घेतलं आणि म्हणाल्या, "त्याले घरी जायचं हाये."

०

पुढच्या शुक्रवारी कुंदाबाई पोराला घेऊन एकट्याच आल्या. मोतीलालनं ओळखीच्या कंडक्टरच्या गाडीत बसवून दिलं होतं. कानबाई अजून महिनाभर लांब होती.

मी म्हटलं, "मागच्या वेळी तुम्हाला कसं कळलं, त्याला घरी जायचंय ते?"

 त्या चोरी पकडल्यासारख्या म्हणाल्या, "फलाटावर उभी म्हटलं म्हंजे निघायचं. मले समजते त्याचं."

"आणखी काय काय समजतं?"

सुरुवातीला लाजत, मग भरभर, त्यांनी सांगितलं. 'गाडी उशिरा धावत आहे' म्हणजे भूक लागली. 'आपल्या सामानाची काळजी घ्यावी' म्हणजे भीती वाटते, जवळ घे. 'ही गाडी फक्त सोनगीरपर्यंतच जाईल' म्हणजे आता पुरे झालं, अर्ध्यावर थांबवा. अंघोळ अर्ध्यावर, जेवण अर्ध्यावर. आणि कुठलंही काम संपत आलं, दार लावायला घेतलं, ताट उचललं, की बापाचं वाक्य: "कोणी राहिलं का?" कंडक्टर बेल ओढायच्या आधी दारातून डोकावून विचारतो ना, तसं.

"मग बाप काय म्हणतो?"

"ते म्हंतेत, 'थांबा, एक प्रवासी आहे.' मंग हा एक बेल देते. टिंग. मंग ते येऊन त्याच्या मांगं बसतेत. मंग हा दोन बेल देते. टिंग टिंग." कुंदाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि लगेच गेलं. "ड्यूटीहून येतेत, पाय सुजेल असतेत, तरी घरी येऊन पुन्हा एस.टी.च. सासूबाई म्हंतेत, पोरगा येडा नि बाप त्याच्याहून येडा."

"आजींना माहीत आहे, तो काय बोलतो त्याचा अर्थ?"

"त्याहीले कसं सांगू? त्याहीले वाटते, शुद्ध बोलते तं शुद्धच. त्या एकाच गोष्टीचा त्याहीले आधार हाये. मी सांगितलं का हा भोंग्याचं बोलते, तं तोही जाईन."

 माणसं काय काय धरून उभी असतात. त्यांना तिथून हलवायचं तर दुसरं काही हाताला द्यावं लागतं, आणि माझ्याकडे द्यायला काय होतं? खोली, पंखा, दोन खुर्च्या.

एक गोष्ट मात्र मी सुचवली. पोराला हात लावायच्या आधी, केस विंचरायच्या आधी, अंगावर पाणी घालायच्या आधी, 'कृपया लक्ष द्या' म्हणायचं आणि काय करणार ते सांगायचं. बँड वाजला की तो भिंतीवर डोकं आपटतो आणि भोंग्याशेजारी निवांत झोपतो, याचं घरात सगळ्यांना नवल होतं. पण भोंगा आधी सांगतो आणि मग बोलतो. बँड कुणाला विचारून येतो?

कुंदाबाई म्हणाल्या, "मी असं म्हटलं तं जाऊबाई हसतीन."

"हसू द्या."

"तुमचं बरं हाये, अक्का. तुमी संध्याकाळच्या गाडीनं जळगावले चालल्या जातात."

हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं. पण ते खरं होतं, म्हणून लागलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्या आल्या तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. पोरगा रात्र रात्र जागत होता. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान पडली. दचकून उठल्या, पुन्हा पडली. मी सतरंजी अंथरली आणि म्हटलं, "आडव्या व्हा." नको नको म्हणता म्हणता त्या झोपल्या, घोरायलाही लागल्या. मी आणि अभिमन खिडकीपाशी बसलो. तो डोळे बारीक करून पंख्याच्या पात्यांकडे बघत होता. मीही बघितलं. मग त्यानं नंदुरबारची गाडी सोडली, मी पारोळ्याची सोडली. त्यानं मान हलवली, माझं चुकलं होतं. मी 'कृपया' विसरले होते. मी पुन्हा सोडली. त्या दिवशीचं माझं काम म्हणजे एवढंच. शिपाई डोकावून बघून गेला आणि मग बाहेर कुणाला तरी काहीतरी म्हणाला.

जागं झाल्यावर कुंदाबाई आधी घाबरल्या, मग पोराकडे बघत राहिल्या. केस नीट करत म्हणाल्या, "लक्ष द्या म्हटल्यावर तो पानी घेऊ देते अंगावर. आठ दिवस झाले." आणि मग, त्याच आवाजात: "अक्का, मले समजते त्याचं. पन मी काय जन्माले पुरनार हाये त्याले? रतिलालदादा म्हंतेत ते काही खोटं नाही. तरी त्याले तिथं ठेवलं, नि तो म्हने सामानाची काळजी घ्या, सामानाची काळजी घ्या, तं कोन घेईन त्याले जवळ? तिथले लोक हसतीनच ना?"

जाताना दारातून वळून म्हणाल्या, "तुमी या ना घरी. कानबाईच्या आधी. माझं कोनी ऐकत नाही, तुमचं ऐकतीन."

०

गेले. श्रावण लागला होता आणि ऊन मात्र वैशाखाचं होतं. खोलीला कुलूप लावून धुळ्याहून दुपारची शिंदखेड्याची गाडी धरली. मनात भाषण जुळवत होते. ते सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत चांगलं जुळलं, नरडाण्यापर्यंत निम्मं विसरले.

घरात लगबग होती. रविवारी कानबाई देवी बसायची, म्हणून भिंती सारवलेल्या, भांडी उन्हात पालथी. ओट्यावर मोतीलाल खाकी कपड्यांत बसले होते, तिकिटांची पेटी शेजारी. चारच्या गाडीवर ड्यूटी होती. बारीक, काळासावळा, मान खाली घालून बोलणारा माणूस. "या बाई," म्हणाले आणि सरकून जागा केली. अभिमन त्यांच्या मागं, बाकड्यावर बसतात तसा, पाय जुळवून बसला होता. भोंगा नुकताच बोलून गप्प झाला होता आणि पोराचे ओठ अजून हलत होते.

रतिलाल आतून आले. मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं, तुमचा मुलगा बिघडलेला नाही. तो काही बंद पडलेला ट्रान्झिस्टर नाही, की दुरुस्तीला पाठवला. त्याची बोलण्याची तऱ्हा वेगळी आहे, ती घरातल्या सगळ्यांनी शिकून घेतली तर...

"बाई," रतिलाल मध्येच म्हणाले, पण सभ्यपणानं, "तुम्ही शुक्रवारी दोन तास बघता. आम्ही रोज बघतो. मी काही राक्षस नाही. माझ्या मोठीला बघायला शिरपूरचे पाहुणे आले. यानं त्यांच्या चपला उचलून दारात फलाटासारख्या ओळीनं लावल्या. ते एक सोडा. मुलाचे वडील घरात पाय टाकतात न टाकतात, तोच हा म्हणाला, 'खिसेकापूंपासून सावध राहावे.'"

आतून कुणीतरी बाई फिसकन हसली. रतिलाल हसले नाहीत.

"तुम्हाला हसू येईल. ते लोक चहा न घेता गेले. माझ्या पदरात दोन मुली आहेत. आणि उद्या मोत्या ड्यूटीवर, कुंदाबाई आजारी, आणि हा स्टँडात गाडीखाली गेला तर? कोण जबाबदार? तुम्ही?"

 उत्तरं माझ्याकडे होती, पण ती माझ्या खोलीतली उत्तरं होती. या ओट्यावर ती पुरत नव्हती. आणि खरं सांगायचं तर हा माणूसही थकलेला होता. पेनाची शाई खिशाला लागली होती, ती त्याला अजून दिसली नव्हती.

"मोतीलालभाऊ," मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मोतीलालनी तिकिटांच्या पेटीचा पट्टा नीट केला. "दादाना पुढे मी काय बोलू?" म्हणाले. बस्स.

कुंदाबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला माहीत होतं, तिथं काय दिसेल ते.

०

तेवढ्यात सुंदरबाई सूप, डाळीचं पातेलं आणि गव्हाची पाटी घेऊन ओसरीत आल्या. पाय धुतलेले, डोक्यावर पदर. "सरका रे," म्हणाल्या. "धान्य मोजनं शे. उद्या गिरनीवाला जातं धुई ठेवस, मंग तो थांबस नही."

खान्देशाबाहेरच्यांना हे सांगावं लागेल. कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ धान्य निघतं. भरून एक मूठ, आणि वर पाव. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाचं. ते सगळं एकत्र दळायचं आणि त्या पिठाचं जे होईल ते घरच्यांनीच खायचं. परक्याच्या तोंडी घास जाऊ द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर तुकडा न्यायचा नाही, आणि सरेपर्यंत ज्याची मूठ त्यानं खायलाच यायचं. बायकांच्या नावाची मूठ नसते. दळण, पुरण आणि रात्रभराची गाणी मात्र त्यांच्या नावाची.

मी उठू लागले. सुंदरबाई म्हणाल्या, "बसा बाई. देखाले हरकत नही. खावाले शे."

त्या एकेक नाव घेत आणि मूठ सुपात सोडत. "रतिलाल." मूठ, आणि वर थोडी. "मोतीलाल." मूठ. रतिलालचे दोन मुलगे. मग "हिलाल."

"हा कोण?" मी हळूच विचारलं.

"धाकला. सुरतले शे, कपडानी मिलमा. तो येस रोटले. कितीबी काम ऱ्हावो, येस."

हिलालची मूठ पडली. सुंदरबाईंनी हात झटकला, पाटी बाजूला सरकवली आणि सुपाला हात घातला, उचलायला.

 कुंदाबाईंनी चौकट घट्ट धरली, एवढं मी बघितलं. मोतीलाल आपल्या बुटांकडे बघत होते. म्हणजे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मीच तेवढी परकी.

"आजी," माझ्या तोंडून निघून गेलं, "अभिमनची?"

सुंदरबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "तो सोमवारी जाई. संस्थावाला सोडावत नहीत मधमा. मूठ टाकी नि खावाले तो नही, तं देवीना कोप. मंग काय करू?" जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी काय खुशीमा करी ऱ्हायनू का, माय?"

रतिलाल म्हणाले, "आई, पुरे आता."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या. सूप त्यांच्या कमरेशी. त्या वयात जमिनीवरून उठणं म्हणजे एक मोठंच काम असतं. आधी एक पाय, मग श्वास, मग दुसरा. त्या अर्ध्या उठल्या असतील, आणि ओट्यावरून आवाज आला. नेहमीचाच. इस्त्रीचा.

"कोणी राहिलं का?"

हे तो दिवसातून किती वेळा म्हणत असेल. ताट उचललं की म्हणतो, दार लावलं की म्हणतो. सूप उचललं म्हणून म्हणाला असेल. मी त्या पोराच्या डोक्यात शिरून आलेले नाही. 'डोक्याच्या बाई' हे नुसतं नाव आहे. पण ओसरीतलं कुणी हललं नाही.

"कोणी राहिलं का?" अभिमन पुन्हा म्हणाला. त्याची नजर कुणाकडेच नव्हती. भोंग्याच्या तारेवर चिमण्या बसल्या होत्या, तिकडे होती.

मोतीलालचे ओठ उघडले. या प्रश्नाला उत्तर देणारा घरात तेवढा एकच माणूस. पण त्यांनी दादाकडे बघितलं, आणि ओठ मिटले.

सुंदरबाई तशाच, अर्ध्या वाकलेल्या, एक हात गुडघ्यावर. मला वाटलं, त्यांच्या कमरेत उसण भरली. मी हात द्यायला पुढं झाले, तर त्यांनी तो बाजूला सारला. पुन्हा खाली बसल्या. सूप जमिनीवर ठेवलं. घसा खाकरला. आणि जन्मात कधी न बोललेलं शुद्ध, शाळेच्या साहेबापुढं उभं राहावं तसं, चाचपडत बोलल्या.

"थांबा. एक प्रवासी... एक प्रवासी राही जायेल शे."

पहिलं अर्धं शुद्ध, उरलेलं घरचं. पण पोचलं.

"टिंग," अभिमन म्हणाला.

एक बेल. गाडी थांबली.

सुंदरबाईंनी पाटीत हात घातला. मूठ भरली. त्यांची बोटं वयानं वाकडी झालेली, गहू फटीतून गळत होते, म्हणून त्यांनी दुसरा हात खाली धरला. "अभिमन," म्हणाल्या, आणि सोडली. वर पाव मूठ. मग डाळ, तशीच.

मग त्यांनी ओट्याकडे बघितलं आणि वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनीच पाहिली. रतिलालनंसुद्धा.

"टिंग टिंग," अभिमन म्हणाला.

कुंदाबाई तिथल्या तिथं खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोतीलाल उठले, टोपी घातली, पुन्हा काढली, आणि काहीच न सुचून पोराच्या मागं जाऊन बसले.

०

"आई, हे काय केलंस?" रतिलालचा आवाज चढला नाही, दमला. "सोमवारचं ठरलंय."

"मूठ पडनी," सुंदरबाई म्हणाल्या. "आते रोट सरत नहीत तवलोंग त्याले घरबाहेर काढता येवाव नही."

"आणि मग? रोट सरल्यावर?"

"मंगनं मंग. फुडला सालेबी कानबाई येस, का नही?"

"आई, तू रोटाचं सांगू नको. माझ्या मुलींचं काय?"

"पाव्हना उनात तं मी बसेन याना बाजूले," सुंदरबाई म्हणाल्या. मग त्यांनी कुंदाबाईकडे मान वळवली. आवाज कोरडा होता. "तू माले सांग. पाव्हना उनात का हाऊ काय काय बोलस, नि त्याना काय अर्थ व्हस. बठ्ठं सांग. माले इतला साल कोनीच काय सांगं नही. मी आपली गल्लीमा सांगत फिरनू, शुद्ध बोलस, शुद्ध बोलस."

म्हणजे कळलं होतं त्यांना. आज कळलं, की कधीचं कळलेलं होतं, ते मी विचारलं नाही.

रतिलाल ओट्याच्या कडेला बसले. आता त्यांना खिशावरची शाई दिसली. रुमालानं पुसायला लागले, ती आणखी पसरली. "बघू," म्हणाले. या घराण्यात 'बघू'चा अर्थ काय होतो, तो कुठल्याच भोंग्यावर सांगत नाहीत. कुंदाबाई जवळून गेल्या तेव्हा मी नजरेनं विचारलं. त्यांनी नुसते खांदे किंचित उडवले. रोट सरेपर्यंत तरी पोर घरी, असा अर्थ असावा.

मोतीलाल ड्यूटीवर गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, तुमनी जळगावनी गाडी पाचले शे. उशीर व्हई, पन येई."

माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. ते सुंदरबाईंच्या लक्षात आलं. आत जाऊन त्या कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि ठेचा घेऊन आल्या. "खा. हाई येगळं पीठ शे," म्हणाल्या. "तुम्हले रविवारनं नही देता येवाव. तुमी परका."

"हो आजी."

"राग नका मानू."

"नाही."

भाकरी मोडता मोडता मला एकदम एवढा थकवा आला, की तिथंच ओट्यावर आडवं व्हावंसं वाटलं. भाषण केलं ते फुकट गेलं होतं. पुढच्या शुक्रवारी रतिलाल ताजे होऊन नवं काहीतरी घेऊन येतील. सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर नेताना बँड वाजेल, आणि पोराला कुणीतरी मागच्या खोलीत घेऊन बसावं लागेल. कोण, ते ठरलेलं नव्हतं. मी विचारलं. सुंदरबाई म्हणाल्या, "मी बसेन. देवीले मी लई साल नाची लिधं." आणि मग कुंदाबाईला, जरा संशयानं: "बँड वाजाना आगोदर काय म्हननं पडस म्हने त्याले?"

"कृपया लक्ष द्या," कुंदाबाई म्हणाल्या.

"कुरपया लक्ष द्या."

"कृपया."

"तेच तं म्हनी ऱ्हायनू."

पाच वाजून गेले. मी पिशवी उचलली, स्टँडकडे बघितलं. गाडी नव्हती. अभिमन ओट्याच्या टोकाशी उभा राहिला, हात मागे बांधून.

"कृपया लक्ष द्या. जळगावला जाणारी गाडी उशिरा धावत आहे."

मी मान हलवली आणि पुन्हा खाली बसले. गाडीला उशीर होता, हे त्यालाही दिसत असणार. पण सुंदरबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे.

"भूक लागनी का त्याले?" त्यांनी विचारलं.

कुंदाबाईंनी हो म्हणून मान हलवली. म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. आधी एक पाय, मग श्वास, मग दुसरा.